लोणारचे क्षारधन



लोणार म्हटले की उल्काघाताचे विवर डोळ्यांपुढे येते. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. बेसॉल्ट खडकात अशी विवरे जगात मोजकीच आहेत. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली आणि तेव्हाच लोणारचा ‘शोध’ लागला, असे आपण शिकत आलो. परंतु काठावरचे गाव त्यापूर्वी कितीतरी शतके नांदत होते. त्या गावाच्या चरितार्थाविषयी मी आज बोलणार आहे.

गावाची स्मृती पुराणकथेत आहे. भगवान विष्णूंनी येथे लवणासुराचा वध केला. म्हणून ते दैत्यसूदन. गावातील त्यांचे शिल्पसमृद्ध मंदिर आजही उभे आहे. असुराच्या नावातच ‘लवण’ आहे, हे ध्यानात घ्यावे. सरोवराचे पाणी क्षारयुक्त आहे, हे ज्ञान लोकांनी कथेच्या रूपाने जपले. आधुनिक परिभाषेत या पाण्याचा सामू दहाच्या आसपास भरतो.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आइन-ए-अकबरी’त या स्थानाचा उल्लेख ‘विष्णुगया’ असा केला. काच आणि साबण यांना लागणारी द्रव्ये येथे मिळतात व त्यांतून चांगला महसूल येतो, असेही त्याने नोंदवले. तीर्थ आणि बाजारपेठ येथे एकत्र नांदत होती.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर क्षारांचे थर उघडे पडत. ते गोळा करून वाळवीत आणि प्रतवारी लावीत. डल्ला, पापडी, भुसकी अशी प्रत्येक प्रतीला स्वतंत्र नावे होती. बांगड्यांची काच, साबण, कपड्यांची धुलाई यांसाठी हा माल उपयोगी पडे. एका पदार्थाला इतकी नावे देणाऱ्या समाजाला त्याची पारख किती सूक्ष्म असेल! पुढे कारखान्यांतून सोडा निघू लागला आणि असे नैसर्गिक क्षार मागे पडले.

आज हा परिसर अभयारण्य आहे. २०२० मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने क्षारप्रिय सूक्ष्मजीवांकडे निर्देश केला. ज्या क्षाराने गाव जगवले, त्यानेच ही दुर्मीळ जीवसृष्टीही जगवली आहे. गावाचे सांडपाणी किंवा शेतातील खते सरोवरात उतरली तर तिचा समतोल ढळेल.

मित्रहो, क्षार उपसण्याचे दिवस सरले, ते योग्यच झाले. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी हे सरोवर नखशिखान्त ओळखले, त्यांना कुंपणाबाहेर उभे करून संरक्षण टिकणार नाही. मार्गदर्शक, अभ्यासक, मंदिरांचे रक्षक म्हणून लोणारच्या तरुणांना तेथे मानाचे काम मिळाले पाहिजे. सरोवर आणि गाव यांचे जुने नाते नव्या रूपात पुन्हा जोडणे, हे आपले कर्तव्य आहे.