शिकवणे आणि शिकू देणे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या बालवाडीविषयी सध्या मंडळात दोन मते आहेत. काही आया म्हणतात, “मुले नुसती खेळतात, पाटीवर अक्षर कधी यायचे?” दुसऱ्या म्हणतात, “मुले आपली आपण शिकतात. बाईंनी मध्ये पडूच नये.” मी दोन्हीकडची आहे, म्हणून बोलायला उभी राहिले.

थोरल्या मुलीला मी फूटपट्टी हातात घेऊन पाढे शिकवले. पाढे पाठ झाले. पण आज ती स्वतः आई झाली, तरी हिशेबाची वही दिसली की यजमानांकडे सरकवते. पाढे दिले आणि गणित हिरावून घेतले, ही रुखरुख मला अजून आहे.

पुढे चाळिशी उलटल्यावर मी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले. स्वयंपाकपाणी आटोपून इतिहास-भूगोल आपला आपण वाचला. तो आनंद काय सांगू! पण बीजगणितापाशी गाडे अडले. ‘तीन क्ष म्हणजे बारा’ असे आले की मी बारातून तीन वजा करी आणि उत्तर का चुकते म्हणून डोके धरून बसे. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी वही पाहिली व एवढेच विचारले, “पलीकडे नेताना चिन्ह का बदलते, सांगा पाहू?” मला सांगता येईना. नियम पाठ होता, कारण ठाऊक नव्हते. गुरुजींनी उत्तर दिले नाही, नेमका प्रश्न दिला.

मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह उघडले. त्यांच्या साधनांतला दट्ट्यांचा ठोकळा पाहा. दहा खाचा, दहा दट्टे. एखादा भलत्या खाचेत गेला की दुसऱ्याला जागा उरत नाही. कोणी न रागावता मुलाला चूक कळते. पण तो कोणत्या मुलापुढे केव्हा ठेवायचा, हे ओळखायला जाणती बाई लागतेच. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. पाड्यावरची मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच अंगणात नेली. मुले खेळत शिकली खरी, पण त्यामागे या दोघींनी आयुष्य वेचले.

तेव्हा भगिनींनो, मूल स्वतः शिकते म्हणून बाईंचे काम कमी होत नाही, उलट वाढते. ‘अक्षरे किती झाली?’ असे त्यांना विचारू नका. ‘आज माझे मूल कुठे अडले?’ असे विचारा. मात्र तीस मुलांकडे असे लक्ष देणे एकटीला झेपणारे नाही. मदतनीस नेमण्यासाठी यंदाच्या हळदीकुंकवाच्या खर्चातून मंडळाने रक्कम काढावी, अशी माझी सूचना आहे. वाण थोडे लहान झाले तरी चालेल. माझे तर मी आजच सोडते.