वीतभर नळीचा भरवसा

१९८४ साली आलेली मारुतीची व्हॅन, जिला आपण पुढे ओम्नी म्हणू लागलो, ती २०१९मध्ये बनायची थांबली. पण गावागावांतून ती अजून धावते आहे. सकाळी मुलांना शाळेत पोचवते, दुपारी भाजी वाहते, रात्री-अपरात्री दवाखाना गाठते. अशा वयस्क गाडीतल्या एका वीतभर नळीविषयी आज बोलायचे आहे.

पेडल दाबले की ब्रेक ऑईलवर दाब येतो आणि तो चारही चाकांकडे पोचतो. शाळेत पाठ केलेला पास्कलचा नियम तो हाच. या दाबाचा बराचसा प्रवास धातूच्या नळीतून होतो. पण चाक खड्ड्यात उतरते, उसळते, पुढचे तर वळतेही. धातू रोज इतका वाकणार कसा? म्हणून चाकाजवळ रबराची नळी असते. गॅरेजवाले तिला होज पाईप म्हणतात.

ही नळी नुसत्या धावण्याने नाही, वयानेही थकते. गाडी दारात उभी असली तरी रबर जुने होतच असते. भेगा, फुगवटा किंवा ओल दिसली तर थांबू नये. पण कधी बाहेरून काहीच दिसत नाही. आतले रबर सुजते, वाट अरुंद होते. पायाच्या जोराने ऑईल पुढे जाते, पण पाय काढल्यावर सहज परतत नाही. चाक धरून राहते, तापते, गाडी एका बाजूला ओढते. माणसांचेही पुष्कळदा असेच असते. वरून सगळे ठीक दिसते.

जाणता मिस्त्री नवी नळी बसवताना तिला पीळ पडू देत नाही. बोल्टखालचे तांब्याचे वॉशर नवे घालतो. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून नळी टायरला घासत नाही ना, ते पाहतो. डावी बदलली की उजवीही बदलतो, कारण दोघी एकाच वयाच्या.

मग एअर काढायची. हे काम दोघांचे. खालचा म्हणतो, ‘दाब.’ वरचा पेडल दाबून धरतो. खालचा निपल सैल करतो, ऑईलबरोबर बुडबुडे येतात, तो निपल आवळतो आणि मगच म्हणतो, ‘सोड.’ वरच्याने आधीच पाय उचलला, तर हवा पुन्हा आत शिरते. हवा दबते, आणि ब्रेकच्या वेळी पाय नुसताच खाली जातो.

ब्रेक ऑईल हे नावाचेच तेल. त्याऐवजी इंजिन ऑईल घातले तर रबर फुगून खराब होते. शिवाय ते हवेतला ओलावा शोषते, म्हणून कधीची उघडी पडलेली बाटली वापरू नये.

हे सारे शाळेची व्हॅन चालवणाऱ्याला ठाऊक असते. तरी तो ‘चालतंय की अजून’ म्हणतो, कारण गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचे भाडे बुडते आणि पालकांचे फोन येतात. तेव्हा पालकांनो, त्याला एकदा विचारा, ‘भाऊ, होज पाईप कधी बदलला?’ आणि ‘उद्या बदलतो’ म्हणाला, तर उद्या मुलांना आपणच शाळेत सोडू या. त्या दिवसाचे पैसेही कापायला नकोत.