मुक्या सोबत्याचा वैद्य

घरात माणूस आजारी पडले तर कोणत्या डॉक्टरकडे जावयाचे, हे बहुतेक कुटुंबांत आधीच ठरलेले असते. परंतु त्याच घरातले कुत्रे किंवा मांजर एखाद्या रात्री अन्नाला तोंड लावीनासे झाले म्हणजे सर्वांची तारांबळ उडते. शेजारी हळद सुचवितात, कोणी उपासाचा सल्ला देतो, तर कोणी कपाटातील तापाची गोळी अर्धी करून चारतो. हा शेवटचा उपाय मांजराच्या जिवावर बेतू शकतो. पॅरासिटामॉल निरुपद्रवी करून टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच थोडी असते. म्हणून त्या औषधाची एक गोळीदेखील त्याला प्राणघातक ठरते. प्रेमापोटी घडलेली ही चूक मागाहून सुधारता येईलच असे नाही. ती टाळावयाची तर जनावर धडधाकट असतानाच त्याचा वैद्य निवडून ठेवला पाहिजे.

पशूंच्या चिकित्सेचा विचार आपल्या देशात नवा नाही. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अशोकाने गिरनारच्या शिलालेखात माणसांची आणि जनावरांची अशा दोन्ही चिकित्सांचा एकत्र उल्लेख केला आहे. अर्वाचीन काळात मुंबईला परळ येथे १८८३ साली बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय स्थापन झाले आणि १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. तथापि गावोगावच्या सरकारी दवाखान्याची ओळख दीर्घकाळ ‘गुरांचा दवाखाना’ अशीच राहिली, आणि ते स्वाभाविकही होते. शेतकऱ्याचा संसार बैलाच्या खांद्यावर आणि गाईच्या कासेवर चालत असे. दारातल्या कुत्र्याला दवाखान्यात नेण्याची कल्पना कोणाला सुचत नसे.

ही परिस्थिती किती पालटली आहे, हे रायपूरसारख्या शहरात चांगले दिसते. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीमुळे छत्तीसगडाशी मराठी माणसाचा संबंध जुना. रायपुरातील तात्यापारा ही मराठी मंडळींची जुनी वस्ती, आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ हे त्यांच्या सामाजिक जीवनाचे केंद्र. १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर राजधानी झाले, शहर चहूकडे पसरले आणि अंगणाच्या घरांची जागा सदनिकांनी घेतली. जे कुत्रे पूर्वी ओसरीवर पडून असे, ते आता माणसांच्या खोलीत, मुलांच्या अंथरुणाशेजारी निजते. त्याचे आरोग्य हा आता साऱ्या घराचा प्रश्न झाला आहे. त्याबरोबर खासगी दवाखान्यांच्या पाट्याही वाढल्या. या पाट्यांतून निवड कशी करावी?

पहिली कसोटी कायद्याने घालून दिलेली आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार, मान्य पदवी घेऊन परिषदेच्या नोंदवहीत ज्याचे नाव दाखल झाले आहे, त्यालाच पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येतो. अनुभवी साहाय्यक मलमपट्टी करू शकतो; रोगाचे निदान हे त्याचे काम नव्हे. गळपट्टे आणि खाद्याच्या पिशव्या विकणारा दुकानदार गल्ल्यावरून इंजेक्शन सुचवू लागला, तर तेथून नमस्कार करून निघावे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारण्यात त्यांचा अपमान नाही. चांगला डॉक्टर तो आनंदाने दाखवितो.

दुसरी कसोटी पहिल्या भेटीतच लागते. रोगी बोलू शकत नाही, म्हणून डॉक्टरने धन्याला बोलते करावयाचे असते. काय खाल्ले, पाणी किती प्याले, पूर्वी कोणती लस कधी दिली, असे प्रश्न त्याने विचारावेत. जनावराचे वजन करावे, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते. ताप पाहावा, निरोगी कुत्र्याचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे माणसाहून अधिकच असते. हिरड्यांचा रंग पाहावा, पोट चाचपावे, आणि दिलेल्या औषधाचे नाव व मात्रा स्वच्छ लिहून द्यावी. काही न विचारता सुई टोचणारा डॉक्टर कितीही प्रसिद्ध असला, तरी त्याच्यापासून दूर राहणे बरे.

तिसरी कसोटी लशीची. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४ अंशांच्या आसपास चढतो. अशा दिवसांत वीज गेली तर शीतपेटीची व्यवस्था काय, हे अवश्य विचारावे. तापलेली लस टोचल्याचे समाधान देते, संरक्षण मात्र देईलच असे नाही. कुपीवरील मुदतीची तारीख पाहून तिची चिठ्ठी आपल्या पुस्तिकेत चिकटवून घ्यावी. रेबीजची पहिली लस पिलाला साधारणतः तीन महिन्यांचे झाल्यावर देतात आणि पुढे ठराविक मुदतीने पुन्हा देतात. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर खात्रीचा इलाज नाही. म्हणून कुत्र्याला वेळेवर दिलेली लस घरातल्या मुलाचेही रक्षण करते. कुत्रे चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी माणसांच्या रुग्णालयात जावे.

चौथी गोष्ट स्वच्छतेची. पार्व्हो हा कुत्र्याच्या पिलांचा भयंकर रोग. त्याचे विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतात. लस घ्यावयास आलेले निरोगी पिलू आणि रक्ताची हगवण लागलेले पिलू एकाच फरशीवर बसत असतील, तर आरोग्यासाठी गेलेला जीव रोग घेऊन परततो. फरशी व तपासणीचे मेज प्रत्येक रोग्यानंतर जंतुनाशकाने पुसतात की नाही, हे दाराशी पाच मिनिटे उभे राहिले तरी समजते.

पाचवी गोष्ट अंतराची आणि वेळेची. उन्हाच्या झळेने धापा टाकणाऱ्या कुत्र्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला नेईपर्यंत वेळ निघून जातो. तेव्हा नेहमीचा डॉक्टर जवळचा असावा, आणि रात्री कोणाकडे जावयाचे हे त्याच्याकडूनच विचारून लिहून ठेवावे. प्रत्येक लहान दवाखान्यात सर्व साधने असणार नाहीत. रायपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर दुर्ग आहे. तेथे अंजोऱ्याला पशुवैद्यक महाविद्यालय असून २०१२ साली कामधेनू विश्वविद्यालयाची स्थापनाही तेथेच झाली. ‘हे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, दुर्गला घेऊन जा’, असे वेळीच सांगणारा डॉक्टर अधिक विश्वासार्ह समजावा. आपली मर्यादा ओळखणे हा वैद्याचा मोठा गुण आहे.

धन्याचीही काही कर्तव्ये आहेत. आपण घरी कोणते औषध दिले, हे संकोचाने लपवू नये; त्या एका वाक्यावर निदान अवलंबून असते. खर्च किती येईल हे आधी मोकळेपणाने विचारावे आणि डॉक्टरनेही ते मोकळेपणाने सांगावे. जनावर बरे होणार नाही अशी वेळ केव्हातरी येतेच. अशा वेळी खोटी आशा दाखवून बिल वाढविणारा आणि खरी स्थिती शांतपणे समजावून सांगणारा, या दोघांतील अंतर त्या दिवशी कळून उपयोग नाही. ते आधीच्या साध्या भेटींतून ओळखावयाचे असते.

मुका जीव आपला डॉक्टर निवडू शकत नाही. तो आपल्या पाठोपाठ विश्वासाने चालत येतो आणि आपण ज्या दारात नेऊ त्या दारात शिरतो. ते दार कोणते, याचा विचार त्याच्या वतीने आपणच आणि वेळेवर केला पाहिजे.