अंदाज वेधशाळेचा, निर्णय गावाचा



वसंतात पावसाविषयी बोलणे काहींना अवेळी वाटेल. परंतु घर शाकारायचे ते मृगापूर्वीच. म्हणून हा विषय आजच घेतलेला बरा.

२६ जुलै २००५ चा पाऊस आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच मुदतीत कुलाब्यास अवघा ७३. एकाच शहरात एवढी तफावत! मुंबईजवळ तेव्हा डॉप्लर रडार नव्हते. आज कुलाब्यास आहे, जोगेश्वरीच्या वेरावलीसही आहे. रडार रेडिओलहरी सोडते. थेंबांवर आदळून परतणाऱ्या लहरींवरून ढगात पाणी किती आणि वारा कोणीकडे चालला आहे, हे समजते. त्यामुळे पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा देता येतो.

इशाऱ्याने काय साधते, हे ३ जून २०२० रोजी दिसले. ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, त्यापूर्वीच हजारो माणसे सुरक्षित जागी हलविली गेली होती. अंदाज वेळेवर आला आणि पुढे काय करायचे, हे ठरलेले होते. दोन्ही गोष्टी जुळल्या.

आता आपल्या दापोड्याकडे या. भाताच्या खाचरांच्या या मुलखात आज गोदामांच्या रांगा आहेत. शेतात मुरणारे पाणी पत्र्यांवरून व काँक्रीटवरून थेट नाल्यात धावते. खाडीला भरती असली की ते तुंबते. अशा वेळी ‘ठाणे जिल्ह्यात अतिवृष्टी’ एवढ्या वाक्याने हमालाला काय कळावे? खालच्या थरातला माल केव्हा उचलायचा? ट्रक कोणत्या रस्त्याने काढायचा? पाऊस किती पडेल हे सांगणे निराळे आणि पाणी कोठवर चढेल हे सांगणे निराळे. मुंबईसाठी २०२० साली सुरू झालेली ‘आय-फ्लोज’ यंत्रणा पाऊस, भरती व सखल जमीन यांचा एकत्र हिशेब मांडते. भिवंडीसाठीही असाच हिशेब हवा, ही मागणी आपण केली पाहिजे.

परंतु केवळ मागणी करून भागणार नाही. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक ठेवा. रोज सकाळी साडेआठला मुलांनी नोंद करावी. पूर आला की भिंतीवर पाण्याची खूण व तारीख रंगवा. अशा नोंदींवाचून गावापुरता अंदाज पारखून घेता येत नाही.

शेवटी एक अडचणीची गोष्ट. इशारा कधी चुकणारच. तो चुकला की रोजंदारीवाल्याचा दिवस बुडतो. दोन-तीनदा असे घडले की ‘लांडगा आला रे’ म्हणून लोक हसतात, आणि खरा लांडगा त्याच वेळी येतो. म्हणून बुडालेल्या दिवसाची मजुरी कोणी द्यायची, हे गोदामवाल्यांनी व ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वीच ठरवावे. ज्याला थांबणे परवडते, तोच इशारा ऐकतो.