तारखेचे मोल
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्याने आपल्या सभासदांपैकी कित्येक घरांत पलटणीची पेन्शन येते. म्हणून आज आम्ही एका लहानशा गोष्टीविषयी बोलणार आहोत. ती म्हणजे हुकमावरील तारीख.

2002 साली आम्ही नव्यानेच शाळेत लागलो होतो. एक निवृत्त जवान ट्रंकभर कागद घेऊन दारी आले. बर्फात पहाऱ्यावर असता घसरून त्यांचा गुडघा निकामी झाला होता. मेडिकल बोर्डाने 30 टक्के अपंगत्व लिहिले होते. परंतु ते सैन्यसेवेमुळे आलेले नाही, असे म्हणून अपंगत्व पेन्शन नाकारली होती. सहा महिन्यांत अपील करावे, असे पत्रात स्पष्ट होते. आम्ही म्हणालो, "परीक्षा आटोपू द्या, सुट्टीत पाहू." सुट्टी आली, गेली, मुदतही गेली. भिडस्त गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

पुढे 2015 साली त्यांच्या मुलाने सशस्त्र सेना न्यायाधिकरणात अर्ज केला. पेन्शन मंजूर झाली, पण थकबाकी मिळाली अर्जापूर्वीच्या तीनच वर्षांची. हुकूम दाखवीत ते म्हणाले, "मास्तर, पैसे मिळाले, पण तारीख कुठली घातलीय बघा की." मधली दहा वर्षे गेली होती. त्यांनी आम्हांस बोल लावला नाही. तो आमचा आम्हीच लावून घेतला आहे.

या तीन वर्षांचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेमसिंग निकालात आहे. ते 1983 साली प्रकृतीच्या कारणास्तव सेवामुक्त झाले व 1999 साली न्यायालयात गेले. पेन्शन न देणे हा दरमहा नव्याने घडणारा अन्याय होय, म्हणून उशीर झाला तरी हक्क बुडत नाही. मात्र थकबाकी अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच, असे न्यायालयाने ठरविले. प्रत्येक प्रकरण निराळे असते, हे खरे. पण आपण उशीर करून न्यायालयाच्या दयेवर का राहावे?

दुसरा निकाल 2013 चा, धरमवीरसिंग यांचा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर पुढे जडलेला आजार सेवेमुळेच आला, असे सामान्यतः धरावे. उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर. तेव्हा एका नकाराने खचून जाण्याचे कारण नाही.

तरी विनंती एवढीच की, नकाराचे पत्र आले की त्याच आठवड्यात ते बाहेर काढावे. डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचे कागद आणि टपालाची पोच एकत्र जपून ठेवावी. पहिल्या अपिलाची मुदत पाळावी; तेथे न जमल्यास दुसरे अपील, त्यानंतर न्यायाधिकरण. मंजुरी आली तरी रकमेआधी तारीख वाचावी, आणि ती चुकीची वाटल्यास लगेच लेखी हरकत घ्यावी.

न्यासाच्या वाचनालयात दर रविवारी आम्ही काही शिक्षक अर्ज लिहून देण्यास बसतो. कोणी आले, तर "सुट्टीत पाहू" हे शब्द आमच्या तोंडून पुन्हा निघणार नाहीत.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.