न्यायासनावरील पहिले पाऊल : न्यायमूर्ती सुजाता मनोहर

(सुवर्णमहोत्सवी समारंभात भुशी येथे केलेले भाषण)



मी व्यवसायाने कापड दुकानदार. कायद्याचा माझा अभ्यास म्हणजे बी.कॉम.ला असलेला व्यापारी कायद्याचा एक पेपर. अशा माणसाने न्यायमूर्तींच्या जीवनावर बोलावे हे धाडसच आहे. तरीही हा विषय मी आग्रहाने मागून घेतला. त्याचे कारण ओघात येईलच.

मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना 1862 साली झाली. तेथील न्यायासनावर पहिली स्त्री विराजमान झाली ती 1978 साली. हिशेबाची सवय जडलेली असल्याने मी वजाबाकी करून पाहिली, 116 वर्षे! या काळात स्त्रियांमध्ये विद्वत्ता नव्हती असे मुळीच नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि 1892 साली ऑक्सफर्ड येथे कायद्याच्या परीक्षेस बसल्या. मात्र स्त्रियांना वकिली करण्याची मुभा देणारा कायदा आपल्या देशात झाला 1923 साली. पुढे त्रावणकोरमध्ये अ‍ॅना चंडी 1937 साली मुन्सिफ झाल्या व 1959 साली केरळ उच्च न्यायालयात पोहोचल्या. पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्या महाराष्ट्राला त्यानंतरही 19 वर्षे लागली.

सुजाताबाईंचा जन्म 28 ऑगस्ट 1934 चा. वडील के. टी. देसाई हे नामवंत कायदेपंडित. पुढे ते गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर सुजाताबाई ऑक्सफर्डला गेल्या. तेथे तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र शिकल्या, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि 1958 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वकिली करू लागल्या. मूळ शाखा म्हणजे मोठमोठ्या मिळकतींचे आणि व्यापारी व्यवहारांचे दावे. कोणी म्हणेल, वडिलांची पुण्याई होती. होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु आपल्या व्यापारी घरांतून वडिलांची गादी मुलाकडे जाते, मुलीकडे जाते ती भांडी आणि दागिने. येथे वडिलांची विद्या मुलीकडे गेली, एवढे तरी आपण लक्षात घ्यावे.

1978 साली त्या न्यायमूर्ती झाल्या तेव्हा मी महाविद्यालयात होतो. आमच्या वर्गातल्या मुली एका बाकावर मावत असत. जानेवारी 1994 मध्ये त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या, त्याच वर्षी केरळच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या आणि 8 नोव्हेंबर 1994 रोजी सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या. न्या. फातिमा बीवी यांच्यानंतर तेथे पोहोचलेल्या त्या दुसऱ्याच महिला. ऑगस्ट 1999 मध्ये त्या निवृत्त झाल्या व नंतर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या सदस्य झाल्या.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. राजस्थानात भंवरी देवी नावाची ग्रामसेविका सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाह रोखू पाहत होती. त्याचा सूड म्हणून 1992 साली तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. यातून ‘विशाखा’ खटला उभा राहिला. 13 ऑगस्ट 1997 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कामाच्या ठिकाणी स्त्रीचा लैंगिक छळ हा तिच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, आणि संसद कायदा करीत नाही तोवर न्यायालयाने घालून दिलेले नियमच बंधनकारक राहतील. निकालपत्र सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांनी लिहिले, खंडपीठावर न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. कृपाल होते. कायदा व्हायला मात्र 2013 साल उजाडले.

हा निकाल वर्तमानपत्रात वाचला त्या दिवशी मी गल्ल्यावर बसलो होतो, आणि वाचता वाचता मला दोन वर्षांपूर्वीची दिवाळी आठवली. आमच्या साडी विभागात एक मुलगी कामाला होती. हुशार; ताका उलगडण्याच्या आत गिऱ्हाईकाची आवड ओळखणारी. एक मोठे गिऱ्हाईक यायचे. ते तिच्याशी नको ते बोलत असे, साडी दाखवताना हात लावत असे. तिने मला सांगितले होते. मी म्हणालो, “दिवाळीचा हंगाम आहे, जरा सांभाळून घे.” त्या गिऱ्हाईकाकडे माझी मोठी उधारी अडकली होती, हे खरे कारण. पाडव्यानंतर ती आलीच नाही. तिची आई येऊन राहिलेला पगार घेऊन गेली. एक शब्दही बोलली नाही. उधारी नंतर पूर्ण वसूल झाली. आपण चातुर्मासात उपवास करतो, संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. त्या मुलीला मी ते आजतागायत म्हटलेले नाही. ती आता कोठे आहे, मला ठाऊक नाही.

2013 च्या कायद्याने जेथे 10 किंवा अधिक माणसे कामाला आहेत, तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक सदस्य बाहेरचा. माझ्या दुकानात माणसे कमी, म्हणून आमच्याकडील स्त्रियांनी तक्रार करायची ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. तो पत्ता मी गल्ल्याशेजारी लावला आहे. कायद्यातून न्यासही सुटलेले नाहीत. आपल्या धर्मशाळेत व भोजनशाळेत मिळून 14 माणसे काम करतात; त्यांत 9 भगिनी आहेत, बहुतेक आसपासच्या वाड्यांवरून पहाटे चालत येणाऱ्या. आपल्या संस्थेत अशी समिती आजवर नाही. मी स्वतः 6 वर्षे विश्वस्त आहे, तेव्हा हा दोष माझाही आहे.

वडगावच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या एका भगिनींना मी बाहेरच्या सदस्य होण्याविषयी विचारले आहे. त्यांनी होकार दिला आहे. येत्या सभेत ठरावाची सूचना मी मांडणार आहे. अनुमोदन कोण देणार, ते आज जेवणापूर्वी मला सांगावे.