गर्भवतीची गोळी व आपले कर्तव्य



ओटीभरणास आपण हौसेने जमतो. परंतु सुनेने फॉलिक आम्लाची गोळी वेळेवर घेतली काय, ही विचारपूस सहसा कोणी करीत नाही. आज आम्ही तीच करणार आहो.

ह्या औषधाच्या इतिहासाशी आपल्या मुंबईचा निकट संबंध आहे. १९२८ साली लूसी विल्स ह्या इंग्रज विदुषी हिंदुस्थानात आल्या. मुंबईच्या कापडगिरण्यांत राबणाऱ्या गर्भवतींना जडणाऱ्या पांडुरोगाचे मूळ निकृष्ट आहारात आहे व यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक आम्ल. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते वेगळे काढल्यावर, पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास हे नाव मिळाले.

पुढे १९९१ साली ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाच्या प्रयोगाने आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. ज्या मातांना पूर्वी मज्जारज्जूचे व्यंग असलेले मूल झाले होते, त्यांच्या पुढील गर्भातील तशा व्यंगाचा धोका ह्या औषधाने सुमारे ७२ टक्क्यांनी घटला.

मर्म असे की, ज्या नलिकेपासून मेंदू व मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच मिटते. दिवस गेल्याचे ध्यानी येईतो तो काळ बहुधा सरलेला असतो. म्हणून अपत्याचा विचार होताच रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी व तिसरा महिना पुरा होईपर्यंत घ्यावी. पूर्वीचे मूल सव्यंग असल्यास, किंवा फेफऱ्याचे औषध चालू असल्यास, मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. चौथ्या महिन्यापासून लोह व फॉलिक आम्लाची गोळी सरकारी आरोग्यकेंद्रात विनामूल्य मिळते. ती रोज एक, १८० दिवस आणि प्रसूतीनंतरही तितकेच दिवस घ्यावयाची असते. तिच्यामुळे शौचास काळे झाल्यास भिऊ नये. मात्र ती चहाबरोबर घेऊ नये. इतर जीवनसत्त्वे मनाने घेऊ नयेत. 'अ' जीवनसत्त्व अतिरेकाने गर्भास बाधते.

'गोळी उष्ण पडते', 'मूल मोठे होऊन बाळंतपण अडते', असे सांगून वडीलधाऱ्याच गोळी बंद करवितात. आणि व्यंग उपजताच सुनेच्या पायगुणास बोल लावितात. हा अन्याय होय. गोळी नेमाने घेऊनही क्वचित व्यंग राहते. तेथेही मातेस दोष देणे सर्वथा अनुचित आहे.

तरी प्रत्येक सासूबाईने संकोच सोडून नव्या सुनेस हे आपल्या तोंडाने सांगावे, आणि गोळ्या आणून देण्याचे काम मुलाने करावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.